लेनची वाटणी : मदरबोर्ड वाचू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आज संगणकावर पोट असलेली माणसे आहेत. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचे डीटीपी करणारा, फोटो स्टुडिओवाला, लग्नाच्या शूटिंगचे मिक्सिंग करणारा, कॉलेजच्या लॅबमधला सहायक, आणि या सगळ्यांची यंत्रे अडली की ज्याच्याकडे धाव घ्यायची तो दुरुस्तीवाला. यांतल्या अनेकांचा संगणक असेंबल केलेला असतो. बोर्ड सोलापूरहून आणलेला, एसएसडी लातूरहून मागवलेली, ग्राफिक कार्ड पुण्यातल्या कुणाचे तरी वापरलेले. सुट्या भागांतून यंत्र उभे करण्याच्या या रीतीने पैसा वाचतो आणि हातही शिकतो. मात्र तिच्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हे सगळे भाग एकदम कामाला लागले, तर माहिती ने-आण करायला बोर्डावर त्यांच्यासाठी वाटा किती आहेत आणि त्या निघतात कुठून?

ही पुस्तिका एवढ्या एका प्रश्नासाठी लिहिली आहे.

बोर्ड घेताना गिऱ्हाईक रॅमचा प्रकार विचारते, एम.२ एसएसडीला जागा आहे का ते विचारते, स्लॉट किती ते विचारते. दुकानदार डब्यावरचे वाचून सांगतो आणि सांगतो ते खरेच असते. पण एकाच बोर्डावर एकाखाली एक बसवलेल्या, दिसायला सारख्याच लांबीच्या दोन स्लॉटपैकी वरच्याला थेट प्रोसेसरकडून सोळा लेन, म्हणजे माहितीच्या सोळा वाटा, मिळतात, तर खालच्याला चिपसेटकडून चार, कधी कधी एकच. एखाद्या बोर्डावर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी बसवली की साटाची दोन पोर्टे बंद पडतात. हार्ड डिस्क दिसेनाशी झाली म्हणून गिऱ्हाईक घाबरते, नवखा कारागीर केबल बदलून बघतो, मग डिस्क बदलून बघतो. बिघाड कुठेच झालेला नसतो. लेन मोजक्या असल्यामुळे बोर्ड बनवणाऱ्याने आधीच ठरवलेली ती वाटणी असते, आणि ती मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत छापलेली असते. ही वाटणी वाचता येणे मला बोर्डाच्या ब्रँडपेक्षा आणि डब्यावरच्या चमकदार आकड्यांपेक्षा जास्त मोलाचे वाटते. ज्या जिल्ह्यात एकदा घेतलेला संगणक आठ-दहा वर्षे चालवायचा असतो, तिथे तर फारच.

ही वाटणी आजच्या रूपात कशी आली, ते थोडक्यात पाहू. इंटेलने १९९२ मध्ये पीसीआय बस आणली. तिच्या घरगुती संगणकातल्या प्रचलित रूपाची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट होती, आणि तीही सगळ्या स्लॉटची मिळून. साउंड कार्ड, मोडेम, लॅन कार्ड एकाच सामाईक बसवर असत. एक बोलत असेल तर बाकीच्यांनी थांबायचे. ग्राफिक कार्डाची भूक वाढली तेव्हा १९९७ च्या सुमारास त्याच्यासाठी एजीपी हा स्वतंत्र स्लॉट निघाला. मग २००३ मध्ये पीसीआय एक्सप्रेसचा मापदंड आला आणि सामाईक बसची पद्धतच मोडीत निघाली. एजीपी, पीसीआय एक्सप्रेस आणि यूएसबी या तिन्हींच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा आहे ते अजय भट्ट आपल्या शेजारच्या बडोद्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. हे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो, कारण बोर्डावरची ती काळी खाच कुठल्या तरी दूरच्या, आपल्याशी संबंध नसलेल्या जगातून आली असे त्यांना वाटू नये.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक स्लॉटची स्वतःची जोडणी असते आणि ती लेनमध्ये मोजतात. एक लेन म्हणजे चार तारा : एक जोडी माहिती पाठवायला, एक जोडी घ्यायला. त्यामुळे दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते. पहिल्या पिढीत एका लेनमधून एका दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट जात. २००७ च्या २.० मध्ये ते ५०० झाले, २०१० च्या ३.० मध्ये सुमारे ९८५, २०१७ च्या ४.० मध्ये जवळपास २ गिगाबाइट आणि २०१९ च्या ५.० मध्ये जवळपास ४ गिगाबाइट. हे आकडे पाठ करायची गरज नाही. दर पिढीला वेग साधारण दुप्पट होतो, एवढे लक्षात राहिले तरी पुढचा हिशेब बोटांवर करता येतो. कार्ड आणि स्लॉट वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील तर दोघांना जमेल तो वेग ठरतो. लेन कमी-जास्त असतील तर जेवढ्या दोन्हीकडे आहेत तेवढ्याच चालतात. संगणक सुरू होताना हे दोन्ही भाग आपापसांत बोलून ठरवून घेतात.

दुसरा बदल प्रोसेसरच्या आत झाला. पूर्वी बोर्डावर नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज अशा दोन मोठ्या चिप असत. रॅम आणि ग्राफिक कार्ड नॉर्थब्रिजला जोडलेले, बाकी सारे साउथब्रिजला. एएमडीने २००३ च्या एथलॉन ६४ मध्ये रॅम सांभाळणारा भाग प्रोसेसरच्या आत घेतला. इंटेलने २००८ मध्ये तेच केले आणि २००९ मध्ये, पी५५ चिपसेटच्या बोर्डांबरोबर आलेल्या प्रोसेसरांत, ग्राफिक कार्डाच्या सोळा लेनही आत नेल्या. नॉर्थब्रिजला काम उरले नाही. मागे राहिली ती साउथब्रिजची वंशज, आणि आज आपण चिपसेट म्हणतो ती हीच. तेव्हापासून बोर्डावरच्या लेनची उगमस्थाने दोन झाली : प्रोसेसर आणि चिपसेट.

आजचा हिशेब असा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांकडे २४ लेन असतात : सोळा ग्राफिक कार्डाला, चार एका एम.२ एसएसडीला आणि उरलेल्या चार चिपसेटशी बोलायला. एएम५ वर नेहमीच्या प्रोसेसरकडे २८ असतात. जास्तीच्या चार बहुधा दुसऱ्या एम.२ कडे जातात. इंटेलच्या १२व्या पिढीत प्रोसेसरकडून सोळा लेन ५.० च्या आणि चार ४.० च्या मिळतात. चिपसेटशी जोडणारी डीएमआय ही वाट वेगळी असते. बी६६० बोर्डावर ती चार लेनची, तर झेड६९० वर आठ लेनची. स्वस्त म्हणून आपल्याकडे भरपूर खपणाऱ्या एच६१० बोर्डावर मात्र प्रोसेसरच्या त्या चार लेन वापरायची सोयच नाही, तिथला एम.२ स्लॉट चिपसेटवर असतो. प्रोसेसर तोच, पण बोर्ड बदलला की वाटणी बदलते. म्हणून नुसता प्रोसेसरचा नंबर विचारून भागत नाही.

आता या विषयाचा गाभा. इंटेलच्या २०१५ च्या झेड१७० चिपसेटकडे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या २० लेनपर्यंत देण्याची सोय होती. म्हणजे खाली सेकंदाला १९ गिगाबाइटहून अधिक. पण या चिपसेटची प्रोसेसरशी असलेली वाट चार लेनइतकी, म्हणजे ४ गिगाबाइटला थोडी कमी. त्याशिवाय साटा, यूएसबी आणि लॅनची वाहतूकही त्याच वाटेने वर जाते. खालची बेरीज वरच्या वाटेच्या पाचपट. आपल्या भागातल्या ऊस-ज्वारीच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. एका वितरिकेवर अनेक शेतचाऱ्या असतात आणि सगळ्या चाऱ्यांची मापे जोडली तर ती वितरिकेच्या मापापेक्षा जास्त भरतात. सगळे एकाच दिवशी पाणी घेणार नाहीत हे धरून पाणीपाळी लावलेली असते. पाळी मोडून सगळ्यांनी एकदम दारे उचलली की टेलच्या रानाला पाणी पोचत नाही. चिपसेटमध्ये कुणी पूर्ण कोरडा राहत नाही, कारण आलेली वाहतूक चिपसेट आळीपाळीने पुढे सोडतो; पण सगळ्यांचा वेग एकदम खाली येतो. बोर्ड बनवणाऱ्याचा अंदाज बहुतेक घरांत आणि कार्यालयांत बरोबर ठरतो. जिथे काम वेगळे, तिथे तो चुकतो.

असे एक वेगळे काम आपल्या जिल्ह्यात नेहमीचे आहे : लग्नाचे किंवा नवरात्रातल्या कार्यक्रमाचे चार कॅमेऱ्यांवरून थेट प्रक्षेपण. चारही कॅमेऱ्यांच्या केबल एका कॅप्चर कार्डात येतात आणि कार्ड बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसते. फुल एचडी, सेकंदाला ५० चौकटी आणि एका ठिपक्याला दोन बाइट धरले, तर एका कॅमेऱ्याची कच्ची माहिती सेकंदाला २०७ मेगाबाइट होते. १९२० गुणिले १०८० गुणिले २ गुणिले ५० करून कुणीही ताडून पाहावे. चार कॅमेऱ्यांची ८३० च्या आसपास. चार इनपुटची अशी कार्डे बहुधा चार लेनची असतात. पीसीआय एक्सप्रेस २.० वर त्या चार लेन म्हणजे २ गिगाबाइट, काम आरामात होते. पण तेच कार्ड लांबीने पूर्ण, पण आत एकच लेन जोडलेल्या २.० च्या स्लॉटमध्ये बसवले, तर वाट ५०० मेगाबाइटची उरते, आणि व्यवहारात त्याहूनही कमी. दोन कॅमेरे नीट चालतात. तिसरा लावला की चित्र अडखळू लागते, चौथ्याला चौकटी गळू लागतात. मांडवात सगळे म्हणतात, कार्ड खराब आहे, सॉफ्टवेअर बदला, रॅम वाढवा. हा गुणाकार आधी केला असता तर बोर्ड निवडतानाच प्रश्न सुटला असता.

स्लॉटमध्ये किती लेन आल्या आहेत, हे उघड्या डोळ्यांनीही पाहता येते, आणि प्रत्येक कारागिराने ते एकदा तरी पाहावेच. बोर्ड टेबलावर ठेवा, लांब स्लॉटच्या खाचेवर टॉर्च धरा. पूर्ण लांबीत दोन्ही बाजूंना धातूच्या पिना चमकल्या तर तो बहुधा सोळा लेनचा. काही अंतरावर पिना संपून पुढे नुसते प्लॅस्टिक दिसले तर कमी लेनचा. काही बोर्डांवर पिना सगळ्या असतात, पण खाली जोडलेल्या नसतात. तेव्हा बोर्ड उलटा करून सोल्डरचे ठिपके पाहावेत. आणखी एक खूण आहे. बोर्डाकडून कार्डाकडे जाणाऱ्या तारांच्या प्रत्येक जोडीवर दोन अगदी छोटे कपॅसिटर असतात आणि ते बहुधा स्लॉटजवळ ओळीने बसवलेले दिसतात. सोळा लेनला असे बत्तीस, चार लेनला आठ. भिंगातून ही ओळ मोजली की मॅन्युअल हाताशी नसतानाही अंदाज बांधता येतो. दुरुस्तीतही तिचा उपयोग आहे : धूळ झाडताना किंवा कार्ड आडवे-तिडवे ओढताना यांतला एखादा कपॅसिटर उडाला, की सोळा लेनचे कार्ड आठवर किंवा चारवर येऊन चालू लागते आणि कारण सापडत नाही.

चालू संगणकात तपासायचे असेल तर विंडोजवर जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर एलएसपीसीआय ही आज्ञा. दोन्हीकडे कार्डाची क्षमता आणि सध्याची जोडणी अशा दोन गोष्टी दिसतात. एक खबरदारी घ्या : काम नसताना वीज वाचवण्यासाठी ग्राफिक कार्ड आपला वेग खाली आणते आणि आकडा पहिल्या पिढीचा दिसतो. त्यावरून बोर्डाला दोष देऊ नये. कार्डाला काम लावून मगच आकडा वाचावा. उन्हाळ्याचीही आठवण ठेवावी. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या दुकानात एनव्हीएमई एसएसडी तापून स्वतःच मंदावते. ती अडचण लेनची नसते, हवेची असते.

या पुस्तिकेने कुणाच्या मनात उगाच भीती घालू नये, म्हणून हेही सांगतो. एक साटा एसएसडी, एक प्रिंटर आणि इंटरनेट एवढ्यावर दाखले काढणाऱ्या केंद्राला लेनची कमतरता कधीच जाणवणार नाही. सोळाऐवजी आठ लेनवर चाललेले ग्राफिक कार्ड बहुतेक कामांत जवळपास तेवढेच काम देते. जपायचे ते ठरावीक ठिकाणी. २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चारच लेन वापरते, तेही ४.० वेगाच्या भरवशावर, जुन्या ३.० बोर्डात ते लावले की वाट निम्मी होते आणि खेळांत त्याचा फटका दिसतो. रायझन ८५००जी प्रोसेसर घेतला तर ग्राफिक कार्डासाठी त्याच्याकडे चारच लेन आहेत. पुढेमागे मोठे कार्ड टाकायचे ठरवणाऱ्याने हे आजच ध्यानात घ्यावे. एका सोळा लेनच्या स्लॉटमध्ये चार एसएसडी बसवणारे साधे अडॅप्टर स्वस्तात मिळते, पण स्लॉटची चार-चार-चार-चार अशी फोड करायची सोय प्रोसेसर आणि बायोस या दोन्हींत नसेल तर त्यातली एकच एसएसडी दिसते. इंटेलच्या १२व्या पिढीच्या घरगुती प्रोसेसरवर अशी फोड आठ-आठपर्यंतच जाते.

हा हिशेब फक्त छोट्या दुकानांचा आहे असेही कुणी समजू नये. जुन्नर तालुक्यातल्या खोडद येथे जीएमआरटी ही महादुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. सुधारणेनंतर तिला एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा पाहता येतो. एवढा पट्टा टिपायचा तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात, आणि प्रत्येक अँटेनाचे दोन संकेत. साठ संकेतांचा हा ओघ संगणकांमध्ये नेटवर्क कार्डाने आत घ्यायचा, जीपीयूकडे द्यायचा आणि पुन्हा दुसऱ्या संगणकांशी त्याची अदलाबदल करायची. अशा यंत्रात कुठले कार्ड प्रोसेसरच्या कुठल्या लेनवर बसवायचे, हा नुसता सोयीचा प्रश्न राहत नाही. तो चुकला तर आकाशातून आलेला संकेत गळतो. त्याआधीचे आणखी एक उदाहरण पुण्याचेच. सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्यूटर नावाच्या प्रोसेसरांवर. त्या प्रत्येक प्रोसेसरला शेजाऱ्यांशी बोलायला चारच जोडण्या होत्या. चार जोडण्यांतून शेकडो प्रोसेसरांचे जाळे कसे विणायचे, कुणाला कुणाच्या जवळ ठेवायचे, याच विचारावर त्या यंत्राची ताकद उभी होती. गणित करणारा भाग कितीही वेगवान असो, त्याच्यापर्यंत माहिती किती वेगाने पोचते यावर यंत्राची खरी लायकी ठरते, हे महाराष्ट्रातल्या अभियंत्यांनी तेव्हाच ओळखले होते.

तुळजापूरच्या आणि धाराशिवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, आयटीआयमध्ये शिकणारी मुले मला हुशार दिसतात. त्यांना प्रोसेसरची रचना फळ्यावर काढता येते. समोरच्या टेबलावरचा बोर्ड मात्र अनेकदा अनोळखी राहतो. दुसरीकडे बाजारातल्या कारागिराचा हात बोर्डावर बसलेला असतो, पण मॅन्युअलमधली आकृती त्याने सहसा उघडलेली नसते. या दोघांनी एकमेकांजवळ बसावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे आणि पुस्तिकेची मांडणी तिला धरूनच केली आहे. सुरुवातीला लेन, पिढ्या आणि वेग यांची ओळख आहे. नंतर प्रोसेसरकडच्या आणि चिपसेटकडच्या लेन वेगळ्या करून दाखवल्या आहेत. त्यापुढे बोर्डाची आकृती कशी वाचायची, तळटिपा कुठे शोधायच्या, कुठले पोर्ट कुणाबरोबर लेन वाटून घेते हे सरावाने शिकायचे आहे. शेवटच्या भागात कामाप्रमाणे निवड आहे : डीटीपी, मिक्सिंग, थेट प्रक्षेपण, कॉलेजची लॅब, आणि ज्याला घरी छोटे एआय मॉडेल चालवून पाहायचे आहे अशा विद्यार्थ्याचा संगणक. बाजारातले बोर्ड दरवर्षी बदलतील आणि इथली काही नावे जुनी होतील; हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

वाचकांना एकच विनंती. पुढचा बोर्ड घेण्याआधी त्याचे मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ते फुकट मिळते. त्यातले स्लॉट आणि एम.२ चे पान उघडा. कागदावर दोन रकाने आखा, प्रोसेसर आणि चिपसेट, आणि प्रत्येक स्लॉट, प्रत्येक एम.२, प्रत्येक साटा पोर्ट योग्य रकान्यात लेनच्या आकड्यासह लिहा. त्यासमोर तुमचे कुठले कार्ड आणि कुठली एसएसडी कुठे बसणार ते लिहा. जमले तर घ्या. न जमले तर दुसरा बोर्ड पाहा. दुरुस्तीवाल्यांनी हा कागद प्रत्येक गिऱ्हाइकासाठी करावा आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. पुढे ते यंत्र ज्याच्या हातात जाईल, त्याला पहिल्यापासून शोध घ्यावा लागणार नाही.